एसी घेताय? आधी वायर कितीची आहे ते बघा, मग एमसीबीचं बोलू

मार्च निम्मा झाला की माझा फोन वाजायला लागतोय. राजारामपुरी, कदमवाडी, उचगाव, पाचगाव, कुठनं कुठनं लोक विचारतात, दीड टनाचा एसी घेतलाय, उद्या बसवायला पोरं येणार आहेत, तेवढा पॉइंट काढून द्या. एसी घेताना चार दुकानं पालथी घातलेली असतात, स्टार किती, इन्व्हर्टर आहे का, वॉरंटी किती वर्षं, सगळं खोदून खोदून विचारलेलं असतंय, पण ज्या वायरीवर तो एसी रात्रभर चालणार ती भिंतीत कितीची टाकलीय म्हटलं की घरात कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. मी बरीच वर्षं कोल्हापुरात घरांच्या वायरिंगची कामं करतोय आणि आजवर जळालेले बोर्ड जेवढे उघडलेत त्यातले लै म्हणजे लैच एसीचे नाहीतर गीझरचे होते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग पुढचं सोपं जातंय. एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडून लाइन तोडणारं बटण, हा भिंतीतल्या वायरीची राखण करायला असतोय. लोकांना वाटतं एसी जळू नये म्हणून तो बसवतात, म्हणून एसी मोठा तर एमसीबी पण मोठा घ्या असं सरळ गणित करतात आणि वायर आहे तीच ठेवतात. तसं करायचं नाही. एसी जेवढा करंट ओढतो तो सगळ्यात कमी, त्याच्या वर एमसीबीचा आकडा, आणि सगळ्यात वर वायरीची सोसायची ताकद. हा क्रम कुठंही उलटला की काम चुकलं.

मंगळवार पेठेतल्या एका मावशींचा फोन आलेला. म्हणाल्या, "गेल्या साली एसीचं ते बटण सारखं पडायचं, मग एकानं येऊन दुसरं बसवून दिलं, तवापासनं पडत न्हाई बग, पण आता भिंतीतनं वास येतोय, मी तर घाबरलो बाबा, रातभर झोपलो न्हाई." जाऊन बघितलं तर जुनं वायरिंग, दीडची म्हणजे दीड स्क्वेअर एमएमची वायर, त्याच एका वायरीवर एसी, इस्त्री आणि हीटरवालं वॉशिंग मशीन. एसीचे ९, इस्त्रीचे ४, मशीनचा हीटर चालू झाला की अजून ८-९, म्हणजे सगळं मिळून २२ अँपिअरच्या आसपास. आधीचा १६ चा एमसीबी पडत होता तो बरोबर पडत होता, तो ओरडून सांगत होता की वायर तापतीय. तो काढून ३२ चा बसवला आणि मग ओरडणारंच कोणी राहिलं नाही. बोर्डाच्या मागं वायरीचं प्लॅस्टिक काळं होऊन हातात चुरा होत होतं. नशीब की वास आला.

तर पहिलं काम, एसीची पाटी वाचा. आउटडोअरच्या कडेला स्टिकर असतोय, इनडोअरला पण असतो. त्याच्यावर कूलिंग कपॅसिटी वॅटमध्ये लिहिलेली असते, दीड टनाला साधारण ५ हजार वॅटच्या आसपास, आणि हितंच लोक फसतात. तो थंडाव्याचा आकडा आहे, विजेचा नाही. १ टन म्हणजे खोलीतनं ३५०० वॅट उष्णता बाहेर काढायची ताकद, त्यासाठी लागणारी वीज तिच्या एक तृतीयांशच्या आसपास असते. ५ हजार भागिले २३० करून २२ अँपिअर काढून बसू नका. खाली पॉवर इनपुट आणि करंट वेगळा दिलेला असतोय, तो बघा. इन्व्हर्टर एसीला बहुतेक दोन आकडे असतात, एक रेटेड आणि एक मॅक्सिमम. आपण मॅक्सिमम धरायचा, कारण मे महिन्यात दुपारी तीन वाजता गच्चीवरचं आउटडोअर तापलेलं असताना तो तेवढा ओढणारच.

ढोबळ सांगायचं तर १ टनाचा एसी जास्तीत जास्त ७-८ अँपिअर, दीड टनाचा १० च्या पुढंमागं, २ टनाचा १३ ते १५. हे आकडे अंदाजाला ठीक आहेत पण कंपनीगणिक बदलतात, तुमच्या पाटीवर जे छापलंय तेच खरं.

आता वायर. दुकानात आपण दीडची, अडीचची, चारची, सहाची असं मागतो, म्हणजे तांब्याच्या काटछेदाचं क्षेत्रफळ, स्क्वेअर एमएममध्ये. पाइपातनं भिंतीत गेलेल्या तांब्याच्या पीव्हीसी वायरीची ताकद आंतरराष्ट्रीय तक्त्यात अशी दिलीय, दीडची १७.५ अँपिअर, अडीचची २४, चारची ३२, सहाची ४१. हे वाचून लोक म्हणतात मग अडीचच्या वायरीला २० चा एमसीबी बिनधास्त चालतोय की. थांबा जरा. ते आकडे आजूबाजूची हवा ३० अंश आहे असं धरून काढलेत, आणि पाइपात एकच सर्किट आहे असं धरून.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्याच्या स्लॅबला दुपारी हात लावून बघा. गावात पारा ३८-३९ वर असला तरी उन्हात तापलेल्या स्लॅबमधला पाइप त्याच्यापेक्षा गरम असतोय. ४५ अंश धरलं तर वायरीची ताकद ०.७९ नं गुणायची. अडीचची २४ होती ती झाली १९. म्हणजे २० चा एमसीबी गेला, १६ चाच बसतोय. आता त्याच पाइपातनं दुसऱ्या बेडरूमच्या एसीची वायर पण नेली, जे आपल्याकडं सर्रास करतात कारण पाइप वाचतो, तर अजून ०.८ नं गुणायचं. १९ चे झाले १५. आता १६ चा एमसीबी पण वायरीच्या वर गेला! हेच चारच्या वायरीला करा, ३२ गुणिले ०.७९ गुणिले ०.८, म्हणजे २० अँपिअर. तिथं १६ चा आरामात बसतो आणि २० चा पण जेमतेम बसतो. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये आकडे थोडे वेगळे असतात, त्यात जो कमी असेल तो धरा.

म्हणून माझं सरळ मत असं आहे की दीड टनाला अडीचची वायर चालते, पण स्वतंत्र पाइप असेल आणि अंतर कमी असेल तरच. नवीन घर बांधताय, भिंती अजून उघड्या आहेत, तर दीड टनालाही चारचीच ओढा. एकदा प्लॅस्टर झालं की परत ती संधी नाही. उद्या तिथं २ टनाचा बसवायचा झाला तरी नुसता एमसीबी बघावा लागेल, भिंत फोडावी लागणार नाही. १ टनाला स्वतंत्र अडीचची पुरते. २ टनाला चारचीच, त्याच्या खाली जाऊ नका. दीडच्या वायरीवर एसी कुठलाच नको, मग तो कितीही लहान असूदे.

जुन्या वाड्यांचं वेगळं बोलायला पाहिजे. शिवाजी पेठ, महाद्वार रोडच्या मागची घरं, तिथं अजून लाकडी पट्टीवरचं वायरिंग सापडतं, कुठं ३/२०, ७/२० अशा जुन्या मापाच्या वायरी, कुठं ॲल्युमिनियमच्या. ॲल्युमिनियमला तांब्याची नवी वायर पीळ मारून टेप गुंडाळलेली असली तर तो जॉइंट आज ना उद्या तापणार, दोन्ही धातूंमध्ये गंज चढतो आणि ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू चेपून ढिलं पडतं. अशा घरात जुन्या वायरिंगला हातच लावू नका, एसीसाठी डीबीपासनं, म्हणजे घरातले एमसीबी ज्या डब्यात असतात तिथनं, थेट नवी लाइन केसिंग पट्टीतनं न्या. भिंतीवर पट्टी दिसते म्हणून घरची मंडळी नाराज होतात, त्यांना समजावून सांगा.

वायर विकत घेताना वायरीवरचं छापलेलं वाचा. आयएस ६९४, आयएसआय मार्क, माप, आणि एफआर किंवा एफआरएलएस असं लिहिलेलं असतं. एफआर म्हणजे आग पसरू न देणारी, एफआरएलएस म्हणजे शिवाय धूरही कमी. अर्ध्या किमतीत मिळणारी अडीचची वायर सोलून बघा, आत तांब्याच्या तारा कमी आणि प्लॅस्टिक जाड असतंय. ९० मीटरचं बंडल असतं, डीबीपासनं एसीपर्यंत १८ मीटर असेल तर फेज, न्यूट्रल, अर्थ मिळून ५४, वर थोडी सोडायला धरा. लाल, काळी, हिरवी असे वेगळे रंगच वापरा, एकाच रंगाच्या तिन्ही ओढून पुढच्या माणसाचा जीव धोक्यात घालू नका. अर्थची वायर फेजच्याच मापाची, तिथं दीडची टाकून पैसे वाचवायचे नाहीत.

अंतर जास्त असेल तर अजून एक हिशोब करावा लागतोय, व्होल्टेज ड्रॉपचा. अडीचच्या वायरीत दर अँपिअरला दर मीटरला साधारण १८ मिलीव्होल्ट पडतात, चारच्यात ११. एसी १० अँपिअर आणि अंतर २० मीटर, तर अडीचवर ३.६ व्होल्ट, चारवर २.२. बंगल्याच्या मीटरपासनं दुसऱ्या मजल्याच्या मागच्या खोलीपर्यंत ४० मीटर झालं तर अडीचवर ७ व्होल्ट जातात. ऐकायला कमी वाटतात, पण संध्याकाळी आधीच लाइनचं व्होल्टेज २०० च्या खाली येत असेल, तर तेवढाच थंडावा काढायला काँप्रेसर जास्त करंट ओढतो, आणि जास्त करंट म्हणजे अजून ड्रॉप. साधा नॉन-इन्व्हर्टर एसी असेल तर काँप्रेसर घुमतो आणि सुरूच होत नाही.

आता एमसीबी. वायर ठरली की हा आपोआप ठरतो. १ टनाला १६ चा. दीड टनाला १६ चा, चारची वायर असेल आणि पाटीवरचा आकडा १२-१३ च्या पुढं असेल तर २० चा. २ टनाला २० चा, पाटीवर १६ च्या पुढं असेल तरच २५, पण मग वायर स्वतंत्र पाइपात पाहिजे. कर्व्ह सी घ्यायचा, एमसीबीवर सी १६, सी २० असं लिहिलेलं असतं. बी कर्व्हचा ३ ते ५ पट करंटला झटक्यात पडतो, सी चा ५ ते १० पट, डी चा १० ते २० पट. साधा काँप्रेसर सुरू होताना क्षणभर चालू करंटच्या पाच-सहा पट ओढतो, ९ चे ५० पण होतात, तिथं बी विनाकारण पडेल. डी घरात नको, शॉर्ट झाल्यावर तो लवकर पडायला जो मोठा करंट लागतो तो प्रत्येक घरच्या लाइनवर मिळेलच असं नाही.

एमसीबीबद्दल अजून एक जे लै जणांना ठाऊक नसतं. १६ लिहिलंय म्हणून १६.१ ला पडत नाही. १.१३ पटीला तो तासभर पडत नाही आणि १.४५ पटीला एका तासाच्या आत पडायलाच पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर निवांत वाहू देतो आणि ४६ अँपिअरला पण तासभर लावू शकतो. मावशींच्या घरातली दीडची वायर, जिची तापलेल्या भिंतीत १४ ची पण ताकद नाही, तिच्यावर हा ३२ चा बसवलेला. हे वाचून तुमच्या घरातलं डीबी उघडून बघावंसं वाटलं तर जरूर बघा.

आता अर्थिंग, आणि हे जरा मन लावून वाचा कारण जीव हितं जातो. आपल्याकडं बहुतेक घरांची अर्थिंग म्हणजे परसात एक खड्डा आणि त्यात पाइप. समजा त्याचा रेझिस्टन्स ५ ओहम आहे, तसा तो बराच चांगला म्हणायचा. एसीच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर अर्थमधनं २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. सी १६ ला झटक्यात पडायला ८० ते १६० लागतात. तो तापून पडेल, पण त्याला कित्येक सेकंद लागतील आणि तोवर आउटडोअरच्या पत्र्यात करंट. उन्हाळ्यात खड्डा वाळला, रेझिस्टन्स १० ओहम झाला, तर २३ अँपिअर. १६ च्या एमसीबीला ते १.४५ पटीपेक्षा कमीच, म्हणजे तासाभरात पण पडेलच असं नाही. गच्चीत पोरं खेळतात, वाळत घातलेले कपडे काढायला बाई ओल्या हातानं आउटडोअरला टेकते. म्हणून एसीच्या सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी पाहिजेच पाहिजे, तो एवढीशी गळती धरून सेकंदाच्या छोट्या भागात तोडतो. इन्व्हर्टर एसीला शक्य असेल तर ए टाइपचा घ्या, कारण इन्व्हर्टरच्या सर्किटमधनं येणारी गळती साध्या एसी टाइपच्या आरसीसीबीला (हितं एसी हे आरसीसीबीच्या प्रकाराचं नाव) कधी कधी नीट कळत नाही. आणि आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही हे पण लक्षात असूदे, एमसीबी वेगळा लागतोच. खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला पाणी घालत जावा.

पुराचं पाणी ज्यांच्या घरात येतं, सुतारवाडा, शाहूपुरीचा खालचा भाग, त्यांना हात जोडून सांगणं आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कितीतरी जणांनी पाण्यात बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी उन्हात वाळवून परत वापरले. आत गाळ बसलेला असतो, बटण वरखाली होतं पण वेळेला पडेल याची काही खात्री नाही. बुडालेला एमसीबी फेकून द्या, आणि तळमजल्यावरचं डीबी आणि एसीचा पॉइंट पाण्याच्या खुणेच्या वर घ्या.

सॉकेटचं पण बघा. बोर्डावरच्या साध्या १६ अँपिअरच्या पिनमध्ये एसी खुपसला की चालतो, पण तासन् तास १० अँपिअर वाहायला लागले की पिनेची पकड जरा जरी ढिली असली तरी ती तापते. हिशोब करा, ढिल्या जागी फक्त ०.२ ओहम असले तरी १० अँपिअरला २० वॅट उष्णता एका टिकलीएवढ्या जागेत. सोल्डरिंगचं आयर्न २५ वॅटचं असतं! आणि एमसीबीला हे काहीच दिसत नाही, कारण करंट १० चा १० च आहे. म्हणून २० किंवा २५ अँपिअरचा एसी बॉक्स घ्या ज्यात एमसीबी आतच असतोय, नाहीतर ३२ चा डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा) लावून वायर थेट जोडा. वायरीच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून क्रिंप करा, स्क्रू घट्ट आवळा, मध्ये जॉइंट एकपण नको. डीबीपासनं एसीपर्यंत अखंड वायर.

दोन-तीन एसी होत असतील तर मागचं पण तपासा. दोन एसीचे २०, गीझरचे ९, वर किचन, फ्रिज, पंप, म्हणजे ३५-४० अँपिअरवर गेलो. मीटरपासनं डीबीपर्यंत चारची वायर असेल तर ती आधी बदला, तिथं दहाची लागते. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो वाढवून घ्या. थ्री फेज असेल तर दोन्ही एसी वेगवेगळ्या फेजवर टाका.

चालू एसीचा एमसीबी पडत असेल तर कधी पडतो ते बघा. चालू केल्या केल्या पडला तर शॉर्ट, काँप्रेसर जाम, नाहीतर बी कर्व्ह. अर्ध्या तासानं पडत असेल तर करंट मोजा, आउटडोअरची जाळी धुळीनं भरली की करंट वाढतो. करंट बरोबर असूनही पडतोय आणि एमसीबी हाताला गरम लागतोय, तर त्याचा स्क्रू ढिला आहे. पावसात आरसीसीबी पडतोय तर आउटडोअरच्या जोडणीत पाणी शिरलंय. यातल्या कशालाच मोठा एमसीबी हे उत्तर नाही.

काम लायसनवाल्या वायरमनकडनंच करून घ्या, पण तो काम करत असताना शेजारी उभं राहा, वायरीवरचं माप वाचा, एमसीबीवरचा आकडा वाचा, दोन्ही विचारा, चांगला वायरमन चिडत नाही. झाल्यावर एसी १८ वर ठेवून अर्धा तास चालवायला लावा आणि क्लॅम्प मीटरनं करंट मोजून डीबीच्या झाकणाच्या आतनं पेननं लिहून ठेवा, तारीख टाकून. मग मेन बंद करून एसी बॉक्स उघडा आणि टेस्टर लावून करंट नाही याची खात्री झाल्यावर वायरीच्या प्लॅस्टिकला बोट लावून बघा. कोमट असेल तर चालतंय. बोट ठेववत नसेल तर वायरमनला पैसे द्यायच्या आधी परत उघडायला लावा. महिन्याभरानं सगळे स्क्रू एकदा परत आवळून घ्या, नवीन वायर दाबाखाली जरा बसते आणि पहिल्या महिन्यातच ढिली होते.